परिपाठातली प्रार्थना आणि पालकांची संमती

प्रश्न : मुलगा जिल्हा परिषद शाळेत चौथीत आहे. परिपाठात रोज सरस्वतीवंदना आणि शेवटी पसायदान असतं. वंदना त्याने म्हणू नये असं आम्हाला वाटतं. वर्गशिक्षक म्हणतात, ‘परिपाठ सगळ्यांना सक्तीचा आहे.’ शाळेशी वाकडं न घेता काय करता येईल?
– एक पालक, जि. सातारा

उत्तर : परिपाठाला येणं वेगळं आणि वंदनेत सामील होणं वेगळं. गुरुजींनी दोन्हींची मोट बांधली आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ मधली दोन पोटकलमं तुमच्या कामाची आहेत. पहिल्यानुसार, संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. तिसऱ्यानुसार, शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. पहिल्या पोटकलमात उपासनेचा उल्लेखच नाही. म्हणून ‘शाळेत वंदनाच नको’ ही मागणी कज्जात अडकते. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे पाठवली, ती याच प्रकारच्या वादात. ‘माझ्या मुलावर सक्ती नको’ ही मागणी मात्र तिसऱ्या पोटकलमावर आणि अनुच्छेद २५ मधल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यावर उभी राहते. तेवढीच धरा.

मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा, पाच-सहा ओळी पुरे. मुलाचं नाव, इयत्ता, अनुच्छेद २८(३)चा उल्लेख आणि ‘आमची संमती नाही’ हे वाक्य. मग नेमकं काय हवं ते: वंदना संपल्यावर मुलगा रांगेत येईल, की रांगेतच गप्प उभा राहील. आम्ही दुसरा पर्याय सुचवू. पहिल्यात मूल रोज वर्गात एकटं राहतं, त्याच्याकडे लक्ष कोण देणार हा प्रश्न येतो आणि उशिरा येणाऱ्यांत त्याची गणती होऊ लागते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी कबुली गुरुजींच्या बदलीबरोबर जाते.

असे अर्ज बहुतेक वेळा एकाच चुकीने फसतात: पालक राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका यांतूनही सूट मागतात. या गोष्टी उपासना नाहीत. केरळमधल्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल १९८५ मध्ये शाळेतून काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं. त्यामागे एक महत्त्वाची बाब होती. ती मुलं गात नव्हती, पण आदराने उभी राहत होती.

पसायदानाबद्दल आमचं मत जरा वेगळं आहे. मराठीच्या तासाला ते कविता म्हणून शिकवलं, तर ते साहित्याचं शिक्षण. हात जोडून, डोळे मिटून म्हणायला लावलं, तर ती प्रार्थना. अर्जात त्यावर अडून बसलात, तर वंदनेचा स्पष्ट मुद्दाही वादात सापडेल.

पंधरा दिवसांत काही हललं नाही, तर विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे न्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यापुढे केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक), या क्रमानेच जा; थेट जिल्ह्याला पाठवलेला अर्ज फिरून खालीच येतो. माहिती अधिकारात विचारायचं असेल तर एकच प्रश्न विचारा: ‘ही वंदना कोणत्या शासन निर्णयाने परिपाठात आहे, त्याची प्रत द्यावी.’ शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. आणि अर्ज दिल्यामुळे मुलाला टोमणे बसू लागले, तर ती निराळी तक्रार. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मानसिक छळालाही मनाई करतं.

प्रश्न : मुलगी मिशनच्या अनुदानित शाळेत आहे. तिथेही हाच नियम?
– पुणे

उत्तर : हो. अनुच्छेद ३० मुळे अल्पसंख्याकांना आपली शाळा चालवण्याचा हक्क आहे आणि अंशतः अनुदानित शाळा धार्मिक शिक्षण देऊ शकते, पण पालकाच्या संमतीनेच. प्रवेश अर्ज नीट वाचा. ‘संस्थेच्या सर्व उपक्रमांत सहभाग मान्य’ अशी ओळ असेल तर तिच्याखाली ‘धार्मिक शिक्षण व उपासना वगळून’ असं लिहून सही करा. आधीच सही केली असेल, तर संमती मागे घेत असल्याचं पत्र द्या.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. मग धर्मांविषयी वर्गात बोलायचंच नाही का?
– नांदेड

उत्तर : जरूर बोला. गुरू नानकांचं जीवन आणि शिकवण यांचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये पंजाबच्या डीएव्ही कॉलेज प्रकरणात म्हटलं. २००२ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या खटल्यातही धर्मांची माहिती देण्याला हरकत घेतली नाही. वर्गात ‘आपण मानतो’ऐवजी ‘जैन लोक मानतात’, ‘मुस्लिम मानतात’ असं म्हणा. वर्गातल्या एकुलत्या एका ख्रिस्ती मुलाला ‘तू सांग तुमच्यात काय असतं’ असं उभं करू नका. बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं आणि तो दिवसभर शरमतो. सहलीत प्रार्थनास्थळ असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या, वास्तू दाखवा आणि प्रसाद किंवा आरती ऐच्छिक ठेवा.

प्रश्न : प्रवेश अर्जातला धर्माचा रकाना कोरा ठेवला तर चालेल?
– ठाणे

उत्तर : धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, ‘धर्म नाही’ असंही सांगता येतं, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिला. पण कुटुंब अनुसूचित जातीचं असेल तर थांबा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, आणि जात पडताळणीत शाळा सोडल्याचा दाखला पुरावा म्हणून मागतात. शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या विद्यार्थी-नोंदवहीतली, नोंद बदलून घेणं फार जिकिरीचं असतं.