पोस्टरवरचा ‘च’

‘मॅडम, पैसे हातात टिकतच नाहीत.’ समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी विशी-पंचविशीतली मुलंमुली हे वाक्य इतक्यांदा ऐकवतात, की त्यातला शब्दन् शब्द आता पाठ झाला आहे. त्यामागून ठरलेलं दुसरं वाक्य येतं: ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे.’ पहिलं वाक्य ही माहिती असते. दुसरं असतो निकाल, आणि तो आरोपीनंच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून दिलेला असतो.

हेच दुखणं वेगळ्या वेशात घेऊन आलेल्या एका डिझाइनच्या विद्यार्थिनीबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी चार-पाच संवादांत बसवल्या आहेत. तिची तक्रार बचतीची नव्हतीच. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तिला तरुणांना बचतीकडे वळवणारी मोहीम करायची होती. सहा आठवडे झाले तरी काम पुढे सरकत नव्हतं. रात्रीची झोप गेली होती. मार्गदर्शकांचा शेरा एकच: ‘सुबक आहे, पण भिडत नाही.’

पहिल्याच भेटीत तिनं लॅपटॉप उघडला. नाण्यांच्या चळतीवर उगवलेलं रोपटं, वाळूच्या घड्याळातून सांडणारी नाणी, चाळीस वर्षांनी आकाशाला भिडणारा आलेख आणि एक सुरकुतलेला चेहरा. त्याच्याखाली ओळ: ‘तेव्हा कोणाकडे हात पसरशील?’

मी विचारलं, ‘यातलं एखादं पोस्टर बघून तू स्वतः काही केलंस का?’

ती हसली आणि हसता हसता डोळे भरून आले. ‘मॅडम, वीस तारखेनंतर माझ्या खात्यात काही नसतं. मी बँकेचं ॲप उघडायचीसुद्धा टाळते. आणि मी जगाला बचत शिकवायला निघालेय!’

ॲप न उघडणं ही बारीकशी गोष्ट मी वहीत अधोरेखित करून ठेवली. लाज वाटली की माणूस आधी नजर वळवतो. शिल्लक बघायची नाही, खर्च लिहायचा नाही, आणि बघितलंच नाही तर दुरुस्त काय करणार? बचतीची बहुतेक पोस्टरं मात्र ही लाज वाढवायच्या उद्योगात असतात.

पुढच्या भेटींपर्यंत तिला दोन कामं दिली. पोस्टरवरचा सगळा मजकूर एका पानावर उतरवायचा. वीस तारखेनंतर ती स्वतःला जे काही सुनावते, ते शेजारच्या पानावर लिहायचं, जसंच्या तसं, सभ्य न करता. चौथ्या भेटीत ती वही घेऊन आली. ‘आळीपाळीनं मोठ्यानं वाच,’ एवढंच मी सांगितलं.

डावं पान: ‘आजच सुरुवात करा.’ उजवं पान: ‘मला हे जमायलाच हवं होतं.’ डावं: ‘उधळपट्टी थांबवलीच पाहिजे.’ उजवं: ‘या वयात एवढी अक्कल असायलाच हवी.’ डावं: ‘भविष्य तुमच्याच हातात.’ उजवं: ‘मी बेजबाबदारच आहे.’

ती थांबली. मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं जीभ आवरणं हेच काम असतं, आणि ते दिसतं तितकं सोपं नाही.

‘मॅडम, दोन्ही पानांवर एकच माणूस ओरडतोय,’ ती म्हणाली. मग पेन्सिल घेऊन तिनं एकेका ‘च’भोवती गोल काढला. दोन्ही पानं गोलांनी भरली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझी भिस्त आहे, हे मी लपवत नाही. माणसाला घटना जेवढी छळते त्याहून तिच्याबद्दलचा हट्ट जास्त छळतो, हे त्यांचं म्हणणं. इंग्रजीत त्यासाठी पानंच्या पानं खर्ची पडली. मराठीत ते एका अक्षरात मावतं. ‘जमावं’ ही इच्छा आणि ‘जमायलाच हवं’ हा हट्ट. पहिलीमागे प्रयत्न येतो, दुसऱ्यामागे शिक्षा.

‘आता ‘च’ काढ आणि पुन्हा वाच,’ मी म्हणाले.

‘मला हे जमावं अशी माझी इच्छा होती. जमलं नाही.’ ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. ‘हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न वेगळाच सुचतो. मी कशी आहे, हा नाही. कशामुळे जमलं नाही, हा.’

मला हवं होतं ते वळण हेच. यावर हमखास एक आक्षेप येतो: ‘च’ काढला की माणूस सैल पडेल. अनुभव उलटा आहे. स्वतःला नापास केलेला माणूस हिशेबाची वही उघडत नाही. इच्छा शाबूत ठेवून हट्ट सोडलेला माणूस ती उघडतो. तिनं त्या दिवशी माझ्यासमोर ॲप उघडलं.

आत जे निघालं ते फारच साधं होतं. दर महिन्याच्या १ तारखेला ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात आपोआप जावी, अशी सूचना तिनं वर्षभरापूर्वी बँकेला दिली होती. तिच्या कामाचे पैसे मात्र ७ ते १० तारखेच्या दरम्यान जमा व्हायचे. १ तारखेला खातं रिकामं, व्यवहार फसला, बँकेनं शुल्क कापलं. दोनदा असं झाल्यावर तिनं सूचनाच रद्द केली आणि ‘महिन्याच्या शेवटी उरेल ते बाजूला टाकू’ असं ठरवलं. शेवटी काहीच उरत नसे. ज्याला ती स्वभावाची खोट समजत होती, ती तारखेची चूक निघाली.

इथून मोहिमेचं गाडं हललं. ‘बचत करा’ ही कृती नाही, तो उपदेश आहे. कृती म्हणजे एका बैठकीत पुरी होणारी, झाली की नाही हे सांगता येणारी गोष्ट. तिनं एकच निवडली: पैसे जमा झाल्यावर दोन दिवसांनी एक हिस्सा आपोआप वेगळ्या खात्यात जाईल अशी सोय करणं. दोन दिवस अशासाठी, की सुट्टी किंवा उशीर आडवा आला तरी व्यवहार फसू नये. ज्यांची कमाई अनियमित, त्यांना तारीख आणि ठरावीक रक्कम दोन्ही घातक. त्यांनी जेव्हा जेव्हा पैसे येतील तेव्हा शंभरातले पाच असा हिस्सा त्याच दिवशी हातानं वळता करावा. एकाच पोस्टरवर दोन्ही गटांना गाठायला गेलं की दोघांनाही ते आपलं वाटत नाही, म्हणून तिनं दोन वेगळी पोस्टरं केली.

सुरकुतलेल्या चेहऱ्याचा मोह तिला सुटेना. त्यामागे आधार होता, हे खरं. २०११ साली संशोधक हॅल हर्शफील्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की स्वतःचा वयस्क चेहरा पाहिलेले लोक निवृत्तीसाठी जास्त रक्कम राखायचं म्हणतात. पण तिथे ज्याला त्याला त्याचाच चेहरा दाखवला होता. भिंतीवरचा अनोळखी म्हातारा बघून कोणी स्वतःला ओळखत नाही, आणि ‘राखीन’ म्हणणं म्हणजे राखणं नव्हे.

मी तिला त्याहून जुना एक प्रयोग सांगितला. हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला, १९६५ साली प्रसिद्ध झालेला. विषय धनुर्वाताच्या लशीचा. काहींना अंगावर काटा आणणारी माहितीपुस्तिका दिली, काहींना सौम्य. घाबरलेल्यांनी लस घ्यायचा इरादा जास्त जोरात बोलून दाखवला. प्रत्यक्ष लस घेणाऱ्यांचा आकडा मात्र भीतीच्या मात्रेनं हलला नाही. काही विद्यार्थ्यांना आरोग्यकेंद्रावर खूण केलेला आवाराचा नकाशा दिला होता आणि आपल्या वेळापत्रकात कधी जाता येईल ते ठरवायला सांगितलं होतं. त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. नकाशा नसलेल्यांपैकी ३ टक्के. विषयाचं गांभीर्य न सांगता नुसता नकाशा देऊनही भागलं नाही, हेही लक्षात घ्यायचं.

‘म्हणजे मला पोस्टर नाही, नकाशा काढायचाय,’ ती म्हणाली. डिझाइनच्या माणसाला हे कळायला एक वाक्य पुरलं, याचं मला कौतुक वाटलं.

नव्या आराखड्यात मधोमध मोबाइलचा पडदा होता आणि त्यावर पेनानं भरायच्या तीन रिकाम्या जागा: माझे पैसे जमा होतात ती तारीख, त्यानंतर दोन दिवसांनी येणारी तारीख, आणि जमा रकमेतला हिस्सा. तेच पंजाएवढ्या कार्डावर, घरी न्यायला. क्यूआर कोडबाबत तिनं आधी दोन चुका केल्या होत्या. एक, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा कोड. काही फोनना तो वाचता येत नाही. फिक्यावर गडदच हवा आणि चारही बाजूंना कोडातल्या चार चौकोनांइतकी मोकळी जागा हवी. दोन, आकार. जितक्या अंतरावरून वाचायचा, त्याच्या साधारण एक दशांश रुंदी लागते. एक मीटरवरून वाचायचा तर दहा सेंटिमीटर. तिचा तीन सेंटिमीटर होता. आणि कोड उघडल्यावर मोहिमेचं मुखपृष्ठ येत होतं. तिथे तीन पायऱ्यांचं एकच पान यायला हवं. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक जादा पानावर माणसं गळतात.

हिस्सा किती, यावर आमची थोडी वादावादी झाली. तिला ‘वीस टक्के’ हा गोल आकडा हवा होता. पण ज्याला पाचही जड जातात, त्याला वीसचा आकडा दारातूनच परत पाठवतो. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी २००४ साली मांडलेली योजना इथे कामी आली: आज थोडं बाजूला टाका, आणि पगार वाढेल तेव्हा वाढीतला काही भाग आपोआप बचतीत जाईल, याला आत्ता होकार द्या. हातात येणारा पैसा कमी झाल्याचं जाणवत नाही. त्या योजनेत सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली होती. कार्डाच्या मागे तिनं ओळ घातली: ‘पुढची वाढ झाली की आणखी __.’

चाळीस वर्षांचा आलेख तिनं स्वतःहून काढून टाकला. बावीस वर्षांच्या मुलाची पहिली गरज बंद पडलेला लॅपटॉप किंवा दवाखान्याचं अचानक आलेलं बिल असते. पहिलं ध्येय तेवढंच ठेवावं, मग एका महिन्याचा खर्च. खात्याला नाव द्यावं, ‘लॅपटॉप दुरुस्ती’सारखं, बिननावी पैसा आधी खर्च होतो. त्यातून पैसे काढायला एखादा दिवस लागावा, पण पूर्ण कुलूप नको, नाहीतर अडचणीत माणूस महागडं कर्ज काढतो. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर छोटी गंगाजळी ठेवून उरलेलं सगळं आधी तिकडे; बचतीवरचं व्याज त्या व्याजाला कधीच पुरं पडत नाही. ज्यांची कमाई भाडं आणि जेवणातच संपते, त्यांच्यापुढे हे पोस्टर नाचवू नये, असंही मी तिला बजावलं. कमाई अपुरी असणं हा शिस्तीचा प्रश्न नाही.

चाचणीसाठी तिनं पाच जणांना पोस्टर दाखवून एकच प्रश्न विचारला: ‘हे बघून आता काय करशील?’ ‘बचत करायला हवी,’ असं उत्तर आलं की पोस्टर नापास. तारीख आणि हिस्सा सांगितला की पास. तीन वेळा मजकूर बदलावा लागला. मोजमापासाठी पसंतीचे अंगठे आणि शपथा बाजूला ठेवून तिनं तीन गोष्टी धरल्या: किती जणांनी सोय लावली, तीन महिन्यांनी किती जणांची चालू आहे, आणि किती जणांनी पैसे परत काढले.

तिसरी गोष्ट तिच्याच अंगावर आली. शेवटच्या भेटीच्या आठवडाभर आधी तिचा फोन आला. आवाज खालावलेला. ‘मॅडम, सगळे काढले. फोन पाण्यात पडला.’

‘ते खातं कशासाठी होतं?’

थोडा वेळ शांतता. ‘...यासाठीच.’ मग ती हसली. ‘हा ‘च’ चालेल ना?’

‘पुढचा हिस्सा कधी जाणार?’

‘बारा तारखेला. ॲप उघडून बघितलंय.’

भेटीला ती पोस्टरची नवी प्रत घेऊन आली. तीन रिकाम्या जागांखाली चौथी होती: ‘पैसे काढावे लागले, तर पुन्हा सुरू करायची तारीख __.’