आभार मानायला पंपहाऊसपर्यंत जा

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात: विद्यापीठात नळ, वीज, छप्पर, संडास, बाग सांभाळणाऱ्या माणसांचे आभार कसे मानायचे? कोकणातल्या एका विद्यापीठाच्या इमारत-देखभाल विभागात ओव्हरसियर म्हणून माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा हा विषय माझ्या हातचा. एरवी सासू-सुनांच्या पत्रांना उत्तरं देताना मी इतकी ठाम नसते.

प्रश्न : ताई, आमच्याकडे दरवर्षी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा सत्कार होतो. नावं कार्यालयाकडून येतात आणि ती बहुधा निवृत्तीला आलेल्यांचीच असतात. यंदा खरोखर चांगलं काम करणाऱ्या देखभाल कर्मचाऱ्यांचा गौरव करायचा आहे. निवड कशी करावी आणि कार्यक्रम कसा असावा? (एक प्राध्यापिका, रत्नागिरी)

पहिलं म्हणजे नावं कार्यालयाकडून मागवू नका. कार्यालयाकडे हजेरीपट असतो. काम कुणी केलं ते त्यात उमटत नाही. ‘उत्तम काम कोण करतं?’ असंही विचारत बसू नका. जो समोर जास्त दिसतो, हसून नमस्कार करतो, चहा वेळेवर आणतो, त्याचंच नाव पुढे येईल. त्यापेक्षा प्रत्येक विभागाला विचारा, गेल्या पावसाळ्यात तुमच्याकडे काय बंद पडलं नाही? आणि मग ते कुणामुळे, याचा माग काढा.

आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्रावरची खारी हवा. बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, पंपाच्या स्टार्टरमधले कॉन्टॅक्ट, काही म्हणून गंजायचं राहत नाही. उघड्यावरच्या जंक्शन बॉक्समध्ये मुंग्या घर करतात, पाली शिरतात. पाऊस लागायच्या आत तो बॉक्स उघडून, साफ करून, रबराची पट्टी बदलून बंद करणारा कुणीतरी वायरमन असतो. माझ्या हाताखाली असा एक होता. एप्रिल-मेमध्ये सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, जांभा दगड ठणठणीत कोरडा झाला की अर्थिंग नीट काम देत नाही. जमिनीत ओल असेल तरच वीज खाली उतरते. हा गृहस्थ संध्याकाळी बादली घेऊन एकेका इमारतीच्या मागे जायचा आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचा. येणारे-जाणारे विचारायचे, ‘काय हो, काय लावलंय इथे?’ तो म्हणायचा, ‘लावलंय कायतरी, उगवलं की सांगतो.’ प्रयोगशाळेत कुणाला शॉक बसला नाही, एवढंच त्याचं पीक.

असा माणूस तुमच्याकडेही असणार. प्रयोगशाळा परिचरांना विचारा, शिपायांना विचारा, वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना विचारा. त्यांना नेमकं ठाऊक असतं.

वादळाचंही तसंच. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडात झाडं नि विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेलं. अशा दिवसांत ज्याच्या हातात करवत आणि दोरखंड तो मोठा माणूस, आणि त्याचा सत्कार सगळेच करतात, करायलाच हवा. पण वादळाची बातमी यायच्याही आधी, तारांवर आलेल्या फांद्या उतरवून ठेवणारा एक माळी असतो. त्याच्या वाट्याला ‘झाडं कशाला तोडता?’ एवढंच येतं. तेही बहुधा पर्यावरण शिकवणाऱ्यांकडून! यंदा त्या माळ्याचं नाव यादीत वर येऊ दे.

आता तारीख. सत्कार वर्धापन दिनाला जोडून घेण्याची पद्धत आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची, म्हणजे कोकणातली ऐन शाकारणीची वेळ. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, रिपा तपासायच्या, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, गटारं मोकळी करायची, आणि हे सगळं मिरगाच्या आत. तुमचा वर्धापन दिन अशा दिवसांत येत असेल तर या माणसांना मांडवात बसवून ठेवू नका.

मी खंडेनवमी सुचवेन. पाऊस ओसरत आलेला असतो. वर्कशॉपमध्ये, पंपहाऊसमध्ये, जनरेटरच्या खोलीत त्या दिवशी माणसं आपणहून पान्हे, पकडी, टेस्टर धुऊन-पुसून मांडतात, स्टार्टरला झेंडूची माळ घालतात, नारळ फोडतात. कुलगुरूंना तिथे घेऊन जा. सभागृहात बोलावलं की ही मंडळी इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत अंग चोरून बसतात. पंपहाऊसमध्ये यजमान ते असतात आणि कुलगुरूंना चपला बाहेर काढून आत यावं लागतं. शिवाय मोटर चालू असल्यामुळे भाषण आपोआप आटोपतं.

शाल-श्रीफळाला माझा विरोध नाही, जरी कोकणातल्या माणसाला नारळ देऊन आपण नेमकं काय दिलं हा प्रश्न मला नेहमी पडतो. पण सोबत एक कागद द्या. ‘आपण केलेल्या उत्कृष्ट व समर्पित सेवेबद्दल’ हे वाक्य कुणालाही चिकटतं, म्हणून ते टाळा. काय घडलं ते लिहा. उदाहरणार्थ: ‘१४ जुलैच्या रात्री वीजपुरवठा खंडित झाला असता श्री. अमुक यांनी जनरेटरवर सर्वप्रथम सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेच्या डीप फ्रीजरची लाइन घेतली व पहाटेपर्यंत तिथे थांबले. त्यामुळे संशोधनाचे सर्व नमुने सुरक्षित राहिले.’ तारीख, जागा, काम, परिणाम. खाली सही ज्याचे नमुने वाचले त्याची, विभागाच्या शिक्क्यासह. मूळ प्रत त्या माणसाला, दुसरी विद्यापीठ अभियंत्यांना, तिसरी आस्थापना विभागाला, ‘वैयक्तिक नस्तीत लावावी’ अशा विनंतीसह. पदोन्नतीच्या वेळी नस्ती उघडतात तेव्हा शाल टेबलावर नसते, कागद असतो.

आणि हे पत्र त्या-त्या आठवड्यातच लिहा. सत्काराची वाट बघत बसलात की तपशील विसरतात, उरते ती ‘समर्पित सेवा’.

प्रश्न : परीक्षेच्या काळात आमच्या इमारतीची सेप्टिक टँक तुंबली. सफाई कामगार स्वतःहून टाकीत उतरला आणि तासाभरात मोकळी करून दिली. गौरवपत्रात हा प्रसंग ठळकपणे यावा असं सर्वांचं मत आहे. मजकूर सुचवाल का? (एक विभागप्रमुख, सिंधुदुर्ग)

नाही सुचवणार. माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘स्वखुशीने उतरला’ ही पळवाट त्यात नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. कमी असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणून धोका टळला असं वाटत असतानाच माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरणारा दुसराही तिथेच राहतो. अशा मृत्यूंसाठी किमान ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. तुमचा माणूस वर आला, हे तुमच्या सर्वांचं नशीब. ते गौरवपत्रात छापलंत तर पुढच्या वेळी टाकी तुंबली की सगळे त्याच्याकडेच बघणार, आणि ‘नाही’ म्हणणं त्याला आणखी जड जाणार.

त्याचे आभार मानायचे असतील तर एप्रिलमध्ये सक्शन टँकर बोलवायची तरतूद अंदाजपत्रकात करून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, शोषखड्डे पाणी घेईनासे होतात आणि टाक्या नेमक्या तेव्हाच तुंबतात, हे काही नव्याने शोधायचं नाही. तुंबलेली टाकी दिसली की कोणाला फोन करायचा तो नंबर दारावर लावा. त्या कामगाराची वैद्यकीय तपासणी करून घ्या, संस्थेच्या खर्चाने. गौरवपत्रात लिहायला त्याचं रोजचं काम पुरेसं आहे. परीक्षेला किती मुलं त्या इमारतीत येतात नि संडास कसे असतात, ते एकदा स्वतः जाऊन बघा, मजकूर सुचेल.

प्रश्न : आम्ही वसतिगृहातल्या मुली. पहाटे पंप चालू करणाऱ्या काकांना वर्गणी काढून दिवाळीत पैसे द्यावेत असं ठरतंय. योग्य आहे का? (वसतिगृहातल्या मैत्रिणी, दापोली)

मनातलं चांगलं आहे, पण रोख नको. नोकरीतल्या माणसाने कुणाकडून काय घ्यावं याचे नियम असतात. शिवाय उद्या कुणी ‘मुलींकडून पैसे घेतो’ म्हटलं तर निस्तरणार काकाच. फराळाचा डबा द्या, तो कुणी मोजत नाही.

त्यापेक्षा एक मोठं काम करा. काकांना विचारा, गणपतीत गावी गेलात का? पंप सकाळ-संध्याकाळ चालवावा लागतो म्हणून या लोकांना चतुर्थीची सुट्टी मिळताना मारामार होते, आणि कोकणातल्या माणसाला दीड दिवसाच्या गणपतीलाही घरी जाता न येणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या दिवसांत तुमच्यातल्या बहुतेकजणी घरी असता, पाणी कमी लागतं. गौरी-गणपतीत बदली माणूस नेमावा, असा सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज श्रावण सुरू होताच रेक्टरांकडे द्या. मागाहून दिलात तर उपयोग नाही.

आणि मुलींनो, मोरीच्या जाळीत अडकलेले केस ज्याचे त्याने काढायचे.

प्रश्न : माझे वडील एका शैक्षणिक संस्थेत कंत्राटी वायरमन आहेत. दर टेंडरला कंत्राटदार बदलतो, वडील तिथेच राहतात. यंदा त्यांना ‘उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून ट्रॉफी मिळाली. पण ओळखपत्रावर संस्थेचं नावही नाही. या ट्रॉफीचा उपयोग काय? (एक मुलगी, रायगड)

ट्रॉफीचं कौतुक ताजं आहे तोवर तिचा उपयोग करून घ्या. दोन गोष्टी.

एक, वडिलांनी संस्थेकडे लेखी अनुभव प्रमाणपत्र मागावं. कोणत्या इमारतींचं, कोणतं काम, केव्हापासून, हे संस्थेच्या लेटरहेडवर. नव्या कंत्राटदाराच्या हिशेबात ते आजच कामाला लागलेले असतात. मागचं सगळं काम सांगणारा कागद संस्थाच देऊ शकते.

दुसरं, भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक उघडा. सरकारच्या ‘उमंग’ ॲपवर यूएएन, म्हणजे निधीच्या सदस्याचा कायमचा क्रमांक, टाकला की दिसतं. यूएएन एकच राहतो, पण कंत्राटदार बदलला की त्याखाली नवं खातं उघडतं आणि जुने पैसे मागच्या खात्यात पडून राहू शकतात. तसं असेल तर ते हस्तांतरित करून घ्या. पगारातून कापलेला हप्ता भरलेलाच नसेल तर कंत्राटदारापाशी भांडत बसू नका. त्याने न भरल्यास जबाबदारी मूळ नियोक्त्यावर, म्हणजे संस्थेवर येते. महिन्याचं वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर राज्य कामगार विम्याची नोंदणीही झालेली आहे का ते बघा. वायरमनच्या कामात त्याची गरज कधी पडेल सांगता येत नाही.

अर्ज वडिलांच्या नावाने, त्यांच्या सहीने द्या आणि पोच घ्या. सोबत ट्रॉफी देतानाचा फोटो जोडा, संस्थेचे अधिकारी हात मिळवताहेत तो. मग ‘हा माणूस आमचा नाही’ असं म्हणणं त्यांना जरा अवघड जाईल.