हात मोडला तरी पोलिसांनी एनसीच घेतली. आता काय करायचं?

तुमचा प्रश्न असा : शेजाऱ्याने भावाला लाथाबुक्क्यांनी मारलं, मनगटाचं हाड मोडलं आणि ठाण्यात एनसीचा कागद हातात देऊन घरी पाठवलं. घटना १ जुलै २०२४ नंतरची आहे असं धरून लिहितो, कारण तेव्हापासून नवे फौजदारी कायदे (भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू आहेत.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही, म्हणून ती बहुधा तशीच पडून राहते. साधी दुखापत (न्याय संहिता कलम ११५(२)) अदखलपात्रच आहे. पण हाड मोडलं की कलम ११६ प्रमाणे ती जबर दुखापत ठरते. ११७(२) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे एनसी नाही, एफआयआरच घ्यायला हवी.

घोळ बहुतेकदा कागदाचा असतो. एनसी रात्री लिहिली जाते, डॉक्टर 'मुका मार, सूज' लिहितात, एक्स-रे दुसऱ्या दिवशी निघतो आणि तो रिपोर्ट ठाण्यात कुणी नेऊनच देत नाही. म्हणून फ्रॅक्चरचा स्पष्ट उल्लेख असलेला जखमेचा दाखला घ्या, अर्जासोबत ठाण्यात द्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

'आधी चौकशी करतो' असं ऐकायला मिळेल. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) मधली १४ दिवसांची प्राथमिक चौकशी तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. इथे कमाल शिक्षा पूर्ण सात वर्षं, त्यामुळे ती सबब चालत नाही. तरीही टाळलं तर १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार, आणि मग १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. त्याला प्रतिज्ञापत्र लागतं. आधीच्या दोन्ही अर्जांची पोच न जोडल्यामुळे हे अर्ज अनेकदा अडकतात.

एफआयआर लिहिताना सही करण्याआधी जबाब शब्दन् शब्द वाचा. 'मारहाण करून जखमी केले' या ठरावीक वाक्यावर थांबू नका. कोणत्या हाताचं कोणतं हाड मोडलं ते लिहायला लावा. प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

आरोपपत्राऐवजी समरी (तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल) कोर्टात गेली तर कोर्टाची नोटीस येते. ती घेऊन गप्प बसू नका. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही; 'ब' म्हणजे तुमची फिर्यादच खोटी, आणि ती तुमच्यावरच उलटू शकते. लेखी हरकत घ्या.

खटला सरकारी वकील चालवतात, पण कोर्टाच्या परवानगीने त्यांच्या मदतीला तुमचा वकील उभा राहू शकतो. सरकारने खटला मागे घ्यायचा म्हटलं तर पीडिताचं म्हणणं ऐकावंच लागतं (नागरिक सुरक्षा संहिता कलम ३६०). आरोपी सुटला तर त्याच संहितेच्या कलम ४१३ प्रमाणे तुम्ही स्वतः अपील करू शकता. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर ते सत्र न्यायालयात जातं.

आणि समोरच्या दुकानात कॅमेरा असेल तर फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज आजच ठाण्यात द्या, एक प्रत दुकानदारालाही. काही दिवसांत जुन्या चित्रणावर नवं चढतं.