एमएसचं निदान झाल्यावर खाण्यापिण्याचं काय करायचं

ताई, मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) होऊन अकरा वर्षं झाली आणि पंचवटीत भाजी आणायला अजून मीच जाते, तेव्हा धीर सोडू नका. एमएस बरा करणारा आहार अजून तरी सिद्ध झालेला नाही. म्हणून गहू, दूध सगळं एकदम सोडू नका. मी सोडलं होतं, अशक्तपणाच वाढला. बाजरीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ, जवसाची चटणी हे आपलं घरचं जेवण चांगलं आहे.

सध्या एवढंच सांभाळा:

- ड जीवनसत्त्व आणि बी१२ तपासून घ्या. बी१२ कमी असलं तरी एमएससारख्याच मुंग्या येतात, थकवा येतो, आणि शाकाहारी माणसांत ते बऱ्याचदा कमीच निघतं.
- ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक असते, रोज नव्हे. मनाने घेत राहिलात तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना त्रास होतो.
- गुळवेल, अश्वगंधा, प्रतिकारशक्तीचे काढे कुणीतरी प्रेमाने आणून देईलच. पण आपल्या आजारात तीच प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उलटते. न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय घेऊ नका.

केटो (भाकरी-भात-साखर जवळजवळ बंद करून तूप-तेलावर भर देणारा आहार), लांबलचक उपास यांचं नंतर बोलू. एमएसचं औषध मात्र एकदाही चुकवू नका.