भावाने सातबाऱ्यावर एकट्याचं नाव लावलं, आता कुठे जाऊ?

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील २०२३ मध्ये वारले, आणि यावल तालुक्यातल्या केळीच्या सहा एकरांवर भावाने एकट्याचं नाव चढवलं. आई हयात आहे. तुम्ही कुठेच सही दिलेली नाही. तलाठी तहसीलला पाठवतात, पोलीस म्हणतात दिवाणी बाब आहे, आणि भाऊ म्हणतो, तुझं लग्न १९९१ चं, तुला हक्कच नाही.

आधी भावाचं बोलणं. ते अगदीच हवेतलं नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. गावोगावी अजून तेच सांगतात. पण ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो हे पक्कं केलं. वडिलांचं मृत्युपत्र नसेल आणि जुनं वाटप झालेलं नसेल, तर हिशेब असा: जमीन वडिलोपार्जित धरली तर वडील, आई, भाऊ, तुम्ही यांना पाव-पाव, मग वडिलांच्या पाव हिश्श्याचे तिघांत तीन भाग. म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. वडिलांनी स्वतः घेतलेली असली तरी तिघांना तेवढंच. दोन एकर तुमचे, दोन आईचे. (हे हिंदू वारसा कायद्याचं. अनुसूचित जमातींना तो कायदा सरळ लागू होत नाही, त्यामुळे नंदुरबारकडच्या आदिवासी बहिणींनी हे उत्तर जसंच्या तसं धरू नये.)

आता कुठे जायचं. मी या भागातल्या तालुका न्यायालयांत वकिली करते, आणि बहुतेक बायका थकतात त्या चुकीच्या दारात बसून. सातबाऱ्यावरचं नाव महसूल खातं बदलतं. मालक कोण, हिस्सा किती, हे दिवाणी न्यायालय ठरवतं. कोणी खोटा कागद केला असेल तरच पोलीस. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, त्यावर नाव नाही म्हणून मालकी जात नाही.

म्हणून पहिलं काम एकच: त्या फेरफाराची, म्हणजे भावाचं नाव चढवलं त्या नोंदीची, आणि तिला जोडलेल्या कागदांची नक्कल काढा. भावाने वारसांत तुमचं नावच दिलं नसेल, तर प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे फैजपूरला, अपील करा. मुदत ६० दिवसांची. उलटली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत द्या आणि तुम्हाला कधी कळलं ते स्पष्ट लिहा. त्याच सुमारास वाटपाचा दावा लावा. भाऊ जमीन विकेल अशी भीती असेल तर मनाईचा अर्ज द्या आणि दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या.

पण जोडलेल्या कागदांत तुमच्या नावाचं हक्कसोडपत्र निघालं, तर गोष्ट बदलते. सही किंवा अंगठा तुमचा नसेल तर ती बनावटगिरी, आणि मग पोलिसांना ‘दिवाणी बाब’ म्हणून हात झटकता येत नाहीत. त्यांनी घेतलं नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना, तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. कागद १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं लागतील, नंतरचा असेल तर नव्या भारतीय न्याय संहितेची. गुन्ह्याने भाऊ अडकेल, जमीन मात्र दिवाणी दाव्यानेच मिळेल. नुसता दबाव आणायला खोटी फिर्याद देऊ नका, ती तुमच्यावरच उलटते.

माझी आत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी तिला कर्जाचा कागद म्हणून सही करायला नेलं. ते हक्कसोडपत्र होतं. तिला लवकरच कळलं, पण माहेर तुटेल म्हणून ती गप्प बसली. असा दस्त रद्द करून घ्यायला कळल्यापासून तीन वर्षं असतात, ती निघून गेली. तुम्ही कुठेच सही केलेली नाही. हे तुमचं मोठं बळ आहे, पुढेही न वाचता कुठे करू नका.

भाऊ ऐकणारा असेल तर सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ चं वाटप होतं, कोर्टाची गरज पडत नाही. त्याला हे एकदा आईसमोर विचारून बघा. आणि वकिलाच्या फीची काळजी असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

नक्कल हाती आली की त्यात काय लिहिलंय ते इथे कळवा, नावं झाकून. मी वाचून सांगते.