विश्वास असूनही रात्री झोप लागत नाही, मग तो विश्वास कच्चा का?

ताई, तुम्ही विचारलंय की प्रार्थना करते, चर्चला जाते, तरी मुलीची फी आणि घरचं कर्ज डोक्यातून जात नाही, रात्री तीनला जाग येते. विश्वास कमी पडतोय का?

मला नाही वाटत. चिंता म्हणजे पाप असं कोणी ऐकवलं असेल, तर त्यांना गेथशेमाने बाग आठवायला सांगा. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू तिथे पालथा पडला आणि एकच मागणी त्याने तीनदा मागितली. त्याचा विश्वास काय कच्चा होता?

बायबलमध्ये मत्तय 6 मध्ये येशू पाखरं दाखवतो, ती पेरत नाहीत तरी देव त्यांना खाऊ घालतो म्हणतो; त्यावर तर दरवर्षी उपदेश होतो. ती पेरत नाहीत हे मला मान्यच आहे, माझ्या ज्वारीवर येतात तेव्हा दिसतंच. पण 'तुम्हीही पेरू नका' असं येशू म्हणत नाही. मृग लागला की मी पेरतोच.

आमची यवतमाळकडची कोरडवाहू शेती. 2017 साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीला लागली होती, बोंडं लगडलेली. वरून ठणठणीत, फोडलं की आत गुलाबी अळी. बोंडअळीला रोखायला म्हणून आलेल्या बीटी वाणाला ती दादच देत नव्हती. हाती आली ती कवडी, वेचणीची मजुरीही निघेना. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज होतं, कृषी केंद्राची उधारी वेगळी. "प्रभू, अळी मार" म्हणून महिनाभर प्रार्थना केली. अळी मेली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण साक्ष देताना लोक एवढा भाग गाळतात.

एका रात्री अंगणात बसलो होतो. बाबा उठले.

"काहून जागून रायला?"

"झोप नाही येत."

"जागलीवर एक जण हाये ना? मंग दोघं कायले पायजे?"

आमच्याकडे पिकात रोही (नीलगायी), रानडुकरं येतात, म्हणून मचाणावर रात्रभर जागल करावी लागते. बाबांच्या मनात स्तोत्र 121 होतं: इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. पुढे फिलिप्पै 4 वाचताना तेच सापडलं. देवाची शांती तुमचं अंतःकरण राखील, असं प्रेषित पौल लिहितो, आणि मूळ ग्रीक शब्द पहारा देण्याचा आहे. लिहिणारा स्वतः बंदिवासात! पिकाचं वचन त्या ओळीत नाही, पहाऱ्याचं आहे. मला हा फरक कळायला अख्खा हंगाम गेला.

तिथेच 'आपल्या मागण्या कळवा' असंही आहे. म्हणून मी मोघम प्रार्थना सोडली. वहीत एकेक देणं आकड्यासकट लिहिलं आणि तेच मोठ्याने देवापुढे वाचलं. बायकोने तेव्हा पहिल्यांदा पूर्ण आकडा ऐकला. तिला राग आला, साहजिक होतं. दुसऱ्या दिवशी दोघं सोसायटीत गेलो, कर्जाचं पुनर्गठन मागितलं. फिटायला तीन वर्षं लागली.

तुम्हीही फीचा आकडा लिहा. आणि झोप आठवडे-आठवडे उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्याने विश्वासाला उणेपणा येत नाही.

आज मचाणावर धाकटा भाऊ आहे. माझी पाळी उद्या.