बोलता येईल इतक्याच वेगाने

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

सकाळी वस्तीतल्या रस्त्यांवर धावायचे, संध्याकाळी त्याच रस्त्यांवर सायकल चालवायची आणि दोन्हींचा वेग रोज आदल्या दिवसाशी ताडून पाहायचा, असा तुझा क्रम काही महिने चालला आहे. आता वेग वाढायचा थांबला, नडगी दुखू लागली, आणि धावणे सोडून केवळ सायकल चालवावी, नवे बूट घ्यावेत की वस्ती सोडून मैदान गाठावे, या तीन पर्यायांत तू अडकला आहेस. यांतला एकही पर्याय तुझ्या कामाचा नाही. तू फार वेगाने धावतोस आणि फार वेगाने सायकल चालवतोस, एवढेच झाले आहे. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतक्याच वेगाने दोन्ही कर. सोबती नसेल तर एखादे लांब वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी कर.

हे ऐकून तुझा विरस होणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून कारण नीट समजावून सांगतो. सायकलीने तुझे हृदय आणि फुप्फुसे तयार केली, पण हाडांना तिने काहीच शिकवले नाही, कारण सायकलीवर जमिनीचा आघात बसत नाही. धावताना मात्र प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार पायावर येतो. दम टिकतो म्हणून तू पळत राहतोस आणि नडगीचे हाड मागे राहते. ताण पडलेल्या हाडात आधी जुना भाग झिजवला जातो आणि मग तिथे नवा भाग भरला जातो; या कामाला तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळात ते हाड नेहमीपेक्षा नाजूक असते. त्याच काळात तू रोज वेग वाढवत होतास. नवे बूट घेतल्याने हे महिने कमी होणार नाहीत. दुखणे एकाच जागी बोटाने दाबून दाखवता येत असेल किंवा विश्रांतीतही थांबत नसेल, तर धावणे आजपासून बंद ठेवून डॉक्टरांना दाखव. तिथे माझे पत्र उपयोगाचे नाही.

हळू धावल्याने माणूस हळूच राहतो, असा तुझा आक्षेप असणार. न्यूझीलंडचे धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचे उदाहरण घे. ऑकलंडच्या उपनगरात राहणारा, जोड्यांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस आसपासच्या मुलांना घराजवळच्या रस्त्यांवर आणि डोंगरांत सुमारे ३५ किलोमीटरच्या फेरीवर धावायला नेत असे. गप्पा मारता येतील असे धावा, हा त्यांचा आग्रह होता. त्यांतला पीटर स्नेल ८०० मीटर धावणारा होता, म्हणजे दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीचा गडी. तरी ती लांब फेरी त्यालाही चुकली नाही. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे आणि लिडियार्ड यांच्याच तालमीतल्या मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले. पुढे व्यायामशास्त्राचे संशोधक स्टीफन सायलर यांनी धावणे, सायकल, नौकावल्हवण अशा खेळांतील अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे सोप्या वेगाची आढळली. सोप्या वेगातही स्नायूंमधील केशवाहिन्या (रक्ताच्या अतिसूक्ष्म नळ्या) आणि मायटोकाँड्रिया (पेशींतले ऊर्जा तयार करणारे भाग) वाढतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडण्याइतके शरीर ताजे राहते. तुझा सध्याचा वेग मधलाच आहे: थकवण्याइतका जास्त आणि खरी गती कमावण्यासाठी अपुरा.

माझ्याविषयी लोक काय म्हणतात, ते तुझ्या कानावर आले असेलच. म्हातारी माणसे चालत पुढे जातात आणि हा धावतो म्हणे, असे माझ्या तोंडावर बोलले गेले आहे. मी वेग वाढवला नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. माझ्याबरोबर सुरुवात केलेले, माझ्याहून कितीतरी चपळ असलेले बहुतेक जण आज धावत नाहीत. कुणाचा गुडघा गेला, कुणाची टाच, कुणाचा उत्साहच आटला. हळू धावा असे त्यांना मी नुसते सुचवले, आग्रह धरला नाही, ही खंत मला आजही आहे. म्हणूनच तुझ्याशी इतके हट्टाने बोलतो आहे. मी स्पर्धांना गेलो नाही, म्हणून मला वेगाचे मोल कळत नाही असे तू म्हणशील. म्हण बापडा. पण मी आज सकाळीही धावून आलो आहे.

सायकलीबाबत तर मला अजिबात तडजोड नको. वस्तीतला रस्ता हा शर्यतीचा रस्ता नाही. तिथे फाटकातून मागे येणारी गाडी आहे, चेंडूमागे धावणारे मूल आहे, उभ्या मोटारीचे अचानक उघडणारे दार आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना धोका ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात तू आठ मीटर पुढे गेलेला असतोस. ताशी १५ ला चार. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. उभ्या गाड्यांपासून दाराच्या रुंदीइतके अंतर ठेव, सायकल रहदारीच्या दिशेनेच चालव, आणि पदपथ नसेल तिथे धावताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धाव. चौकात थांबावे लागते म्हणून सराव बिघडतो, ही तक्रार पुन्हा करू नकोस. अंतर मोजण्याऐवजी वेळ मोज. चाळीस मिनिटे बाहेर राहायचे ठरवले, की चौकातल्या थांब्याने काहीच बिघडत नाही.

जोर काढायची हौस असेल तर आठवड्यातून एकदाच काढ, आणि तीही चढावर. चढावर हृदय पुरते कामाला लागते, पण सायकलीचा वेग कमीच राहतो आणि धावताना पायावरचा आघातही सपाटीपेक्षा कमी बसतो. उतार मात्र चालत उतर. नडगीला आणि मांडीला सर्वांत जास्त मार उतारावरच बसतो. बाकीचे सगळे दिवस बोलता येईल इतक्याच वेगाने. हे मी पुन्हा लिहितो आहे, कारण तू हा परिच्छेद वाचून चढ तेवढा लक्षात ठेवशील, अशी मला धास्ती आहे.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, असेही तू ओझरते लिहिले आहेस. ते बहुधा सीट खाली असल्यामुळे असावे. भिंतीचा आधार घेऊन सायकलीवर बस, पेडल सर्वांत खाली आण आणि त्यावर टाच ठेव. पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडासाच बाक राहील. गिअरही हलका ठेव, पाय मिनिटाला ऐंशीच्या आसपास फिरू देत. दोन आठवडे असे चालवून पाहा आणि गुडघ्याचे काय झाले ते कळव. वेगाचे आकडे पत्रात लिहू नकोस, मी ते वाचणार नाही.

तुझा शुभचिंतक